डोळेही कमी, स्पर्शही कमी: स्ट्रोक, रेटिनोपॅथी आणि न्यूरोपॅथी एकत्र असतील तर घरच्या ओटीत (ऑक्युपेशनल थेरपीत) सुरुवात कुठून करावी?

गृहभेट_ओटी (नंदनवन)

सिनियर मंडळी, एका केसबद्दल मार्गदर्शन हवं आहे.

आजी, वय ६४, नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर. उजव्या मेंदूचा स्ट्रोक होऊन अडीच महिने झाले. डाव्या हाताची ताकद बऱ्यापैकी परत आली आहे, मूठ उघडते-मिटते, पण लक्ष दुसरीकडे गेलं की वाटी हातातून सुटते. मधुमेह जुना, दोन्ही डोळ्यांना रेटिनोपॅथीसाठी (मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला झालेली इजा) लेझर झालेलं. चष्मा लावून उजवा डोळा ६/३६ (निरोगी डोळ्याला ३६ मीटरवरून दिसतं ते यांना ६ मीटरवरून), डावा ६/६०. दोन्ही तळपायांवर १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श तपासायचा नायलॉनचा तंतू) बहुतेक जागी कळत नाही, म्हणजे न्यूरोपॅथी (नसांची इजा). बोटांना मुंग्या दोन्ही हातांना येतात.

चालतात आधाराशिवाय, पण दारातून जाताना डावा खांदा चौकटीला घासतो. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. मध्यंतरी डावं बोट तव्याला टेकलं, ते फोड आल्यावर सुनेच्या लक्षात आलं.

माझी खरी अडचण अशी की हात बधिर असला की आपण सांगतो 'बघून काम करा', आणि नजर कमी असली की सांगतो 'चाचपून काम करा'. आजींच्या फाइलमध्ये दोन्ही सल्ले लिहिलेले आहेत आणि दोन्ही त्यांच्या उपयोगाचे नाहीत.

तीन प्रश्न. हे निग्लेक्ट आहे (डोळ्याला दिसलं तरी मेंदूचं डावीकडे लक्षच जात नाही) की फील्ड गेलंय (नजरेच्या टप्प्यातला डावा भाग दिसतच नाही)? स्टार कॅन्सलेशनचा (कागदावरचे तारे शोधून खोडायची चाचणी) नेहमीचा ए-४ कागद दिला तर डावीकडचे बहुतेक तारे सुटले, पण त्या म्हणतात बारीक दिसतच नाही. दुसरं, आजींना पोळ्या करायच्याच आहेत आणि घरचे गॅसजवळ फिरकू देत नाहीत. तिसरं, सकाळी पेपर आणि संध्याकाळी हरिपाठ ही वाचनाची सवय होती, ती कशी परत आणायची?

न्यूरोरिहॅब_मेडिकलचौक

त्या ए-४ कागदाचा निकाल बाजूला ठेवा. ६/३६ नजरेला ते तारे उजवीकडेही धड दिसत नसणार, म्हणजे त्यावरून निग्लेक्ट आहेही म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. ए-३ कागद आडवा घ्या, जाड काळ्या मार्करने दोन-तीन सेंटिमीटरच्या खुणा काढा आणि कागदाचा मध्य आजींच्या छातीच्या मध्यरेषेसमोर येईल असा टेपने टेबलाला चिकटवा. चिकटवला नाही तर त्या कागदच उजवीकडे ओढून घेतील आणि चाचणी वाया जाईल.

किती खुणा सुटल्या यापेक्षा पेन आधी कुठे टेकलं ते बघा. मराठी वाचणारा माणूस सहसा वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करतो. ज्याचं फक्त डावं फील्ड गेलंय तोही तिथूनच सुरू करायला बघतो. वेळ लागतो, पण शोधून काढतो. निग्लेक्टचा पेशंट उजवीकडून सुरू करतो, उजवीकडच्याच खुणांवर परत परत जातो आणि 'झालं' म्हणून पेन खाली ठेवतो. २० सेंटिमीटरची रेघ देऊन मध्य काढायला सांगा: निग्लेक्टमध्ये मध्य उजवीकडे सरकतो, डाव्या हेमियानोपियात (डावं अर्धं फील्ड गेलेलं असताना) उलट थोडा डावीकडे.

कागद-पेन नकोच असेल तर कणकेचे १६ गोळे करा, साधारण ७५ बाय १०० सेंटिमीटरच्या गडद पाटावर किंवा टेबलावर 'सगळीकडे सारखे मांडा' म्हणा. गोळे मध्यभागी समोर एका भांड्यात ठेवायचे. एका अर्ध्यात सात आणि दुसऱ्यात नऊ, इथपर्यंत चालतं, त्याहून जास्त कललं तर संशय धरा. या चाचणीला अक्षरओळख लागत नाही, बारीक नजरही लागत नाही.

आता फील्ड. कन्फ्रंटेशन (समोर बसून, कडेला बोटं हलवून फील्ड तपासणं) करताना एकेक डोळा झाका. स्ट्रोकमुळे गेलेलं फील्ड दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला जातं आणि मधल्या उभ्या रेघेशी थांबतं. लेझरमुळे कमी झालेलं फील्ड कडेने गोल आणि वेडंवाकडं असतं, दोन्ही डोळ्यांत सारखं नसतं. तुमच्या आजींना दोन्ही असू शकतं. पेरिमेट्री (यंत्रावर फील्ड मोजणं) करून घ्या, पण निग्लेक्ट असेल तर पेशंट यंत्रासमोर लक्ष टिकवू शकत नाही आणि रिपोर्ट भरवशाचा येत नाही, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठीत लिहून कळवा.

एक्स्टिंक्शन (दोन्हीकडे एकदम स्पर्श केला की एक बाजू न कळणं) तपासाल तेव्हा बोटांवर तपासू नका. बोटं न्यूरोपॅथीने आधीच मंद आहेत. गालांवर किंवा दंडांवर करा: कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी दोन्हीकडे एकदम. एकेकटा स्पर्श कळतो आणि दोन्ही एकदम केले की फक्त उजवा सांगतात, तर प्रश्न लक्षाचा आहे.

वाचायला मोठ्या अक्षरात 'नागपूर', 'सदाशिव', 'महानगर' असे शब्द द्या. 'पूर', 'शिव', 'नगर' असं वाचलं आणि आपण काही सोडलंय याची जाणीवच नसली, तर ते निग्लेक्टकडे बोट दाखवतं.

हे वेगळं करणं यासाठी गरजेचं की पुढचं काम वेगळं आहे. फील्ड गेलेल्याला कळतं की डावीकडे दिसत नाही, त्याला शिकवता येतं: दारापाशी थांबा, आधी मान वळवा, हनुवटी खांद्याकडे न्या, चौकट दिसली की पुढे. नुसती बुबुळं फिरवून भागत नाही. निग्लेक्टमध्ये 'डावीकडे बघा' ही सूचना तेवढ्यापुरती चालते, नंतर विरते. तिथे खूण बाहेर लावावी लागते आणि तीच खूण प्रत्येक कामात वापरावी लागते. ताटाच्या डाव्या कडेला जाड गडद पट्टी, वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला तीच पट्टी, ओट्याच्या डाव्या टोकाला तीच. पट्टी दिसेपर्यंत मान फिरवायची, हा एकच नियम.

आणि एक गोष्ट घरच्यांना आवर्जून सांगा. सराव डावीकडून, पण पाण्याचा तांब्या, फोन आणि काठी उजवीकडेच. तहान लागलेल्या माणसाची परीक्षा घ्यायची नसते.

हातांची_शाळा (वर्धा रोड)

मी फक्त स्पर्शाबद्दल लिहितो. आपल्याकडे बधिर हातापायाची काळजी घेण्याचं काम कुष्ठरोगामुळे फार आधीपासून झालं आहे, वरोऱ्याला आनंदवनात आणि वर्ध्याजवळ दत्तपूरला. मधुमेही हातापायासाठीही त्यातलं बरंच जसंच्या तसं चालतं.

आधी नकाशा काढा. मधुमेही न्यूरोपॅथी पायाच्या बोटांपासून वर चढते, दोन्हीकडे सारखी. हातांच्या बोटांना ती बहुधा तेव्हा लागते जेव्हा पायांत साधारण गुडघ्यापर्यंत गेलेली असते. पाय घोट्यापर्यंतच बधिर आणि हात मात्र बरेच बधिर असं निघालं तर दुसरं कारण शोधा. अंगठा ते अनामिकेची अर्धी बाजू इथेच मुंग्या, रात्री जास्त, करंगळी ठीक, असं असेल तर कार्पल टनेल (मनगटात नस दाबली जाणं) बघा. मधुमेहात ते बरंच आढळतं आणि त्यावर इलाज आहे. डावा हात उजव्यापेक्षा स्पष्ट वाईट असेल तर तो जास्तीचा भाग स्ट्रोकचा.

हाताला २ ग्रॅमचा मोनोफिलामेंट कळत नसेल तर संरक्षक स्पर्श गेला असं धरतात, पायाला १० ग्रॅम. तंतू वाकेपर्यंत दाबायचा, सेकंद-दीड सेकंद ठेवायचा, घट्ट्यावर टेकवायचा नाही, आणि मधूनमधून न टेकवताच 'कळलं का?' विचारायचं. आजी सारख्या 'हो' म्हणत असतील तर ते यातूनच उघडं पडतं.

सांध्याची जाणीव वेगळी तपासा. डोळे मिटून उजव्या हाताने डावा अंगठा पकडायला सांगा, तुम्ही डावा हात हवेत वेगवेगळ्या जागी धरून ठेवा. अंगठा सापडत नसेल तर वाटी का सुटते त्याचं उत्तर मिळालं.

आता तुमचा मूळ पेच. डोळे आणि त्वचा दोन्ही कमी असतील तर उरलेल्या तीन गोष्टींवर काम उभं करा: मोठ्या सांध्यांची जाणीव, आवाज आणि ठरलेली जागा. बाजारात मिळणारे टिकलीएवढे उठावाचे ठिपके लो व्हिजनसाठी (चष्म्यानेही न सुधारणारी कमी नजर) उत्तम, पण आजींच्या बोटांना ते कळणार नाहीत. त्याऐवजी गॅसच्या बटणाला लाकडाचा आडवा दांडका बसवा, बोटभर लांब. दांडका आडवा म्हणजे चालू, उभा म्हणजे बंद. हे मनगटाला कळतं, बोटाच्या टोकाला कळावं लागत नाही. मीठ आणि साखरेचे डबे रबरबँडने ओळखू नका, आकाराने ओळखा: एक चौकोनी, एक गोल, एक बसका. नाण्याएवढा फरक नको, मुठीएवढा हवा. पण उजव्या हाताने आधी हे करून बघा. उजव्या मनगटाची जाणीवही गेली असेल तर हा मार्ग बंद आहे.

आवाजावर भिस्त ठेवण्याआधी कान तपासा. मागे हातभर अंतरावर उभं राहून, एक कान बंद करून, कुजबुजत आकडे-अक्षरं सांगा. आणि आपल्याकडे मार्च ते जून कूलरचा घरघराट घरभर असतो. त्यात कुकरची शिट्टी, उकळी, टायमर काहीच नीट ऐकू येत नाही. आवाजावर आधारलेलं काम करताना कूलर बंद, नाहीतर ते काम सकाळी लवकर.

कूलरवरून आठवलं: पाणी भरण्याचं काम आजींकडे अजिबात नको. लोखंडी बॉडी, ओले हात, आणि पिन काढली आहे की नाही हे दिसतही नाही. ज्याला दिसतं त्यानेही पिन काढूनच भरावं.

पोळ्यांचं म्हणाल तर क्रम लावा. पहिला टप्पा विस्तव नसलेला: पीठ मोजून घेणं, कणीक भिजवणं, गोळे करणं. कणीक मळणं हा डाव्या हाताचा स्पर्शाचा सरावही आहे. दुसरा टप्पा लाटणं. कणकेचा रंग आणि लाकडी पोळपाटाचा रंग एकच, त्यात पोळीची कड दिसत नाही. काळ्या दगडाचा पोळपाट घ्या. कडही दिसते आणि जड असल्याने सरकतही नाही. तिसरा टप्पा थंड तव्यावर पोळी टाकणं-उलटणं, गॅस न पेटवता. हात त्या हालचालीत सरावला की मगच चौथा, पेटलेला गॅस, आणि तेव्हा शेजारी सून उभी.

चौथ्या टप्प्यात चूक कुठे होते सांगतो. भाजतो तो काम करणारा उजवा हात नसतो. रिकामा डावा हात भाजतो, तो कुठे आहे हे आजींना ना दिसतं ना कळतं, आणि तो तव्याच्या बाजूला भटकतो. त्याला काम द्या: गॅसपासून दूर, ओट्याच्या कडेवर रबरी चटई चिकटवा, त्यावर डावा तळहात टेकलेला राहील. पोळी उलटायला उजव्या हातात लांब चिमटा. शेगडीचा फक्त उजवा बर्नर वापरायचा, डाव्या बर्नरचं बटण काढून ठेवा, कारण डावा बर्नर चालू राहिलेला त्यांच्या लक्षात येणार नाही. तव्याची मूठ उजवीकडे, पण ओट्याच्या बाहेर आलेली नको. पदर खोचलेला. पोळी थेट जाळावर फुगवणं नाहीच.

घरात गॅस गळतीचा अलार्म बसवा. वय आणि मधुमेह दोन्हींनी वासही मंदावतो, डोळे बांधून कॉफी आणि हिंगाचा डबा नाकाखाली धरून बघा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून अलार्म जमिनीपासून फूटभराच्या आत बसवायचा. कित्येक घरांत तो शोभेला छताजवळ लावलेला असतो.

त्या बोटाचा फोड फोडू नका, टूथपेस्ट-हळद लावू नका, मधुमेह आहे म्हणून डॉक्टरांना दाखवा.

लोव्हिजन_धरमपेठ

वाचनाचं मी सांगते. ढोबळ नियम असा: नजरेचा अपूर्णांक उलटा केला की नेहमीच्या छपाईसाठी लागणारी भिंगाची पॉवर निघते. ६/३६ म्हणजे ६ डायॉप्टर (भिंगाच्या पॉवरचं माप), आणि ६ डायॉप्टरला कागद डोळ्यापासून साधारण १६-१७ सेंटिमीटरवर धरावा लागतो. प्रत्यक्षात लेझर झालेल्या रेटिनाला कॉन्ट्रास्टही (गडद-फिकट फरक) कमी दिसतो, म्हणून थोडी जास्त पॉवर लागते, ८ ते १० पर्यंत. १० डायॉप्टरला अंतर १० सेंटिमीटर. पेशंट भिंग घेतात आणि कागद लांब धरतात, मग म्हणतात भिंग बेकार आहे. अंतर शिकवल्याशिवाय भिंग देऊ नका.

पण इथे डावं फील्ड गेलेलं असू शकतं आणि तिथे जास्त मोठं करणं उलटतं. अक्षर मोठं झालं की ओळ लांबते, आणि ओळ संपवून पुढच्या ओळीचं तोंड शोधताना नजर हरवते. म्हणून भिंग शक्य तितकं कमी पॉवरचं, अक्षरच मोठं आणि ओळ आखूड. हरिपाठाला हे सोपं आहे, अभंगाच्या ओळी आखूडच असतात: २४ पॉइंटच्या पुढे ठळक टाइप, मॅट कागद, एका पानावर एकच अभंग. पेपर एका कॉलमाची घडी घालून धरायचा. काळ्या जाड पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खाच कापा, ती ओळीवर ठेवली की आजूबाजूच्या ओळी आणि कागदाची चमक दोन्ही झाकली जातात. कागद उभा फिरवून ओळ वरून खाली वाचायची युक्तीही काहींना जमते. करून बघा, नाही जमली तर सोडून द्या.

एक बारीक मुद्दा. डाव्या कडेची पट्टी रंगावर निवडू नका. मधुमेही रेटिनोपॅथीत निळा-पिवळा फरक लवकर बिघडतो. गडद-फिकट फरक महत्त्वाचा: पांढऱ्या कागदावर काळी दोन सेंटिमीटरची पट्टी. मोमिनपुऱ्यात उर्दू वाचणारा पेशंट असेल तर सगळं उलटं: त्याला ओळीचं तोंड उजवीकडे शोधायचं असतं, म्हणून उजवं फील्ड गेलेल्याची तीच अडचण होते आणि पट्टी उजव्या कडेला लागते.

उजेड. छताची ट्यूब वाढवून उपयोग नाही, दिवा जवळ आणा. बल्ब आणि कागदातलं अंतर निम्मं केलं की उजेड जवळपास चौपट होतो. वाकणाऱ्या मानेचा टेबल लॅम्प, ९ वॉटचा एलईडी, कागदापासून ३०-४० सेंटिमीटर, आणि टोपणाची कड डोळ्याच्या खाली म्हणजे बल्ब डोळ्यात जाणार नाही. त्यांना खिडकीकडे तोंड करून बसवू नका, खिडकी पाठीशी किंवा बाजूला.

लेझर झालेल्या डोळ्याला उजेडातून अंधारात आलं की जुळवून घ्यायला फार वेळ लागतो. मे महिन्याच्या दुपारी बाहेरून महालातल्या काळोख्या ओसरीत पाऊल टाकलं की काही मिनिटं जवळजवळ काही दिसत नाही, आणि पडतात त्या तेव्हाच. बाहेर पडताना पुढे छज्जा असलेली टोपी आणि अंबर रंगाचा चष्मा. आत आल्यावर चौकट धरून उभं राहायचं, समोरची एक ठरलेली वस्तू दिसू लागली की पुढे. जुन्या घराचे उंबरठे आणि पायऱ्यांच्या कडेला पाच सेंटिमीटरची पट्टी रंगवा, पायरीच्या वरही आणि समोरच्या उभ्या भागावरही. कोटा फरशी गडद असेल तर फिकट पिवळी किंवा पांढरी, फिकट टाइल असेल तर गडद.

ताटाचंही तेच. स्टीलच्या चकचकीत ताटात पांढरा भात दिसत नाही. गडद, मॅट ताट, आणि मग त्याच्या डाव्या कडेची पट्टी फिकट. चहा पांढऱ्या कपात, दूध गडद कपात.

आणि आजींना हळूच विचारा, नसलेली माणसं, फुलं, नक्ष्या दिसतात का. नजर खूप कमी झालेल्यांना असं दिसू शकतं, डोकं ठिकाणावर असताना. बऱ्याच जणी वेड लागलं म्हणतील या भीतीने सांगत नाहीत. पण स्ट्रोक झालेला आहे, म्हणून दिसत असेल तर डॉक्टरांनाही कळवा.

गृहभेट_ओटी (नंदनवन)

खूप खूप आभार. सांगितल्याप्रमाणे परत तपासलं.

कणकेचे १६ गोळे: ११ उजवीकडे, ५ डावीकडे. ए-३ कागदावर सुरुवात उजवीकडून. गालांवर दोन्हीकडे एकदम स्पर्श केला तर फक्त उजवा सांगतात. कन्फ्रंटेशनमध्ये दोन्ही डोळ्यांत डावीकडचा खालचा भाग नाही. म्हणजे दोन्ही आहे असं दिसतं. डोळे मिटून डावा अंगठा सापडत नाही. उजव्या मनगटाची जाणीव मात्र चांगली आहे, दांडक्याचं बटण लगेच जमलं. कुजबुज दोन्ही कानांनी ऐकू येते.

आता दोन शंका. स्पर्शाचा सराव देताना नेहमी 'आधी डोळे मिटून ओळखा, मग बघून खात्री करा' असं करतो. बघून खात्रीच होत नसेल तर काय? आणि प्रिझमचे चष्मे, मोबाइलवरचे स्कॅनिंगचे गेम याबद्दल घरचे विचारत आहेत.

हातांची_शाळा (वर्धा रोड)

खात्री उजव्या हाताने करायची. डाव्या हातात वस्तू, ओळखायचा प्रयत्न, मग तीच वस्तू उजव्या हातात, नाव मोठ्याने सांगायचं, परत डाव्या हातात. मोठ्या फरकापासून सुरू करा: लाटणं आणि वाटी, मग नारळाची शेंडी आणि गुळगुळीत दगड, मग खडबडीत गोणपाट आणि साडीचा पदर. फरक ओळखू आला की तो आणखी बारीक करा. एका वेळी १०-१५ मिनिटं पुरे, दिवसातून दोनदा. थकलं की निग्लेक्ट वाढतं आणि सराव उलट जातो. सांध्याच्या जाणिवेसाठी डाव्या हाताने भिंतीवरच्या ठरलेल्या उंचीला हात नेऊन थांबायचं, उजव्याने जाऊन तपासायचं. वस्तूंमध्ये टोकदार, काचेचं, गरम काही नको.

न्यूरोरिहॅब_मेडिकलचौक

डावा खालचा भाग नाही म्हणजे उंबरठे, पायपुसणी आणि पायात येणारं मांजर-पोरं. जमिनीवरची पायपुसणी उचलून ठेवा, आजच. चालताना मान डावीकडे आणि खाली, दोन्ही.

प्रिझमबद्दल. दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. एक फील्ड वाढवणारे प्रिझम, ते चष्म्यावर कायमचे असतात आणि हेमियानोपियासाठी असतात. निग्लेक्ट असलेल्या माणसाला ते गोंधळात टाकतात, शिवाय ६/६० नजरेत प्रतिमा आणखी पुसट होते. दुसरं प्रिझम अॅडॅप्टेशन, यात दृश्य साधारण १० अंश उजवीकडे सरकवणारा चष्मा लावून खुणांकडे हात नेण्याचा सराव करतात, मग चष्मा काढतात. याचे परिणाम संमिश्र आहेत. त्यावर पैसे घालण्याआधी पट्टीचा आणि मान फिरवण्याचा सराव रोजच्या कामात पक्का करा. मोबाइलच्या गेममध्ये मिळालेला वेग स्वयंपाकघरात आपोआप येत नाही. त्यापेक्षा मेथीची जुडी गडद ताटावर पसरून सगळी निवडायला लावा, डावीकडून उजवीकडे. तेच स्कॅनिंग आणि काम घरातलं.

फील्डचं आपोआप परतणं मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत होतं. तुमचे अडीच महिने झालेत, म्हणून पेरिमेट्री आता आणि सहा महिन्यांनी परत.

डोळे_दवाखाना_ओटी

एक सावधगिरी कुणी लिहिली नाही. रेटिनोपॅथी प्रोलिफरेटिव्ह (पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढलेली) असेल तर जड वजनाचा सराव, श्वास रोखून जोर, डोकं खाली करून करायचे व्यायाम हे रेटिनाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. अचानक काळे ठिपके वाढले, धूर किंवा पडदा आल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी डोळ्यांचा दवाखाना. सेशन जेवणानंतर ठेवा. साखर उतरली की नजर, लक्ष आणि हात तिन्ही बिघडतात आणि आपल्याला वाटतं निग्लेक्ट वाढलं. साखर वर-खाली होत असताना चष्म्याचा नंबरही बदलता राहतो, नवा चष्मा साखर स्थिर झाल्यावरच.

इन्सुलिन कोण देतं? आजी स्वतः टोचून घेत असतील तर ते स्वतः घेणं आज थांबवा, इन्सुलिन नव्हे. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बऱ्याचदा ४० युनिट प्रति मिलीचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटच्या इन्सुलिनला नारिंगी टोपणाची. अदलाबदल झाली तर डोस अडीच पट चुकतो: १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं तर अडीच पट जास्त, उलट झालं तर अडीच पट कमी. कमी उजेडात या नजरेला लाल आणि नारिंगी सारखेच. पेन असलं तरी टिकटिक मोजून डोस लावणं भरवशाचं नाही. डोस सुनेने लावायचा आणि मोठ्याने वाचायचा.

नोटा ओळखायला बोटांवर जाऊ नका. उठावाच्या रेघा आजींना कळणार नाहीत. शंभरची नोट १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०. हा चार-चार मिलिमीटरचा फरक बघायला पुठ्ठ्याचं माप करता येतं, पण त्याहून सोपं म्हणजे घरीच पाकिटाचे कप्पे ठरवायचे. रिझर्व्ह बँकेचं मनी (MANI) अॅप नोट बोलून सांगतं, इंटरनेट नसलं तरी. फोनवर बोट जास्त वेळ दाबलं जातं, म्हणून सेटिंगमध्ये टच अँड होल्डचा वेळ वाढवून ठेवा.

प्रमाणपत्राचंही लगेच बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लो व्हिजन म्हणजे चांगल्या डोळ्याची नजर चष्म्यासह ६/१८ पेक्षा कमी ते ३/६० पर्यंत, किंवा फील्ड ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत. आजी नजरेवर बसतात. डोळे आणि हात यांची टक्केवारी नुसती बेरजेने जोडत नाहीत: मोठा आकडा, अधिक लहान आकडा गुणिले (९० वजा मोठा आकडा) भागिले ९०. म्हणजे ३० आणि २० असतील तर साधारण ४३, आणि ४० किंवा त्याहून जास्त झालं की बेंचमार्क (सवलतींसाठी धरलं जाणारं किमान) अपंगत्व. यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन भरताना दोन्ही अपंगत्वं लिहा. एकच लिहिलं की एकच तपासतात.

गृहभेट_ओटी (नंदनवन)

इन्सुलिन आजीच घेत होत्या. सुनेशी बोलून आजपासून बदललं. घरात दोन्ही रंगांच्या सिरिंज होत्या, बाटली ४० ची म्हणून नारिंगी बाजूला काढल्या.

एकच राहिलं. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण घालायला जायचा आणि मंगळवारी टेकडी गणपतीला जायचा आग्रह आहे. पायांचं काय?

हातांची_शाळा (वर्धा रोड)

वाळवण सकाळी आठच्या आत घालायचं आणि ऊन उतरल्यावर काढायचं, मधे पापड उलटायला आजींनी जायचं नाही. एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीचा स्लॅब तळपाय भाजतो आणि त्यांना चटका कळणारच नाही. पायात एमसीआरची (मऊ मायक्रोसेल्युलर रबराची), मागे पट्टा असलेली चप्पल, घरातही. अंगठ्यात पकडायची चप्पल नको, ती निसटलेली कळत नाही. घालण्याआधी चप्पल उलटी करून झटकायची.

देवळात अनवाणी जावं लागतं तिथे जाड पांढरे सुती मोजे, तळाला रबरी ठिपके असलेले, आणि वेळ सकाळची. पांढरे यासाठी की जखम झाली तर डाग सुनेला दिसतो. परत आल्यावर दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या सुनेने बघायच्या, आजींनी आरशात नाही. अंघोळीच्या पाण्यात आधी थंड, मग गरम. पाण्याचं तापमान थर्मामीटरने ३७ ते ४० अंश, थर्मामीटर नसेल तर सुनेने हात घालून बघायचं. गिझर ५० वर ठेवा. ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी भाजतं.

घेऊन जाणाऱ्याने आजींचा दंड धरून ढकलायचं नाही. आजींनी उजव्या हाताने त्याचा दंड कोपराच्या वर धरायचा आणि अर्धं पाऊल मागे चालायचं. तो डावीकडे चालला तर डावी बाजू झाकली जाईल असं वाटतं, पण आजींचा डावा हात पकड सोडतो, म्हणून धरायचं उजव्यानेच. पायरी आली की तो थांबतो आणि 'वर' किंवा 'खाली' एवढंच बोलतो.